हौश्याचे वरचे दात

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आकाराम भंडारे हात आणि गुडघे टेकून अंगणात बैलासारखा चालत होता. ओट्यावर त्याची बायको विजयमाला परात बडवून ताल देत होती. शेजारच्या धोंडुबाई कमरेवर घागर घेऊन जाता जाता थांबल्या, त्या थांबल्याच.

"मागचा डावा उचला," विजयमाला म्हणाली. "आवं, डावा! समदेच पाय उचललं तर बैल बसंल की खाली."

आकाराम धापा टाकत उठला, ओट्यावरच्या कागदावर चार रेघा ओढल्या आणि पुन्हा खाली वाकला.

"काय झालंय गं ह्यांस्नी?" धोंडुबाईंनी हळूच विचारलं.

"काय न्हाई. हौश्याला नाचाय शिकिवत्यात."

हौश्या हा कागदावरचा बैल. साल १९६६. फौजेतून परतलेल्या लालासाहेब मोहित्यांनी विश्रामबागेजवळच्या मोकळ्या रानात सिनेमाचा तंबू ठोकला होता. फौजेत ते फोटोच्या कामावर होते, त्यामुळे जुना कॅमेरा स्वस्तात मिळताच त्यांच्या अंगात आलं. मुख्य खेळाआधी तीन मिनिटांचं गाणं दाखवायचं, आणि त्यात माणूस एकही नको, सगळी नाचणारी चित्रं. गाणं गायिका शालूबाईंच्या खड्या आवाजात भरून तयार होतं : 'हौश्या निगाला जतरंला, शिंगं अडली छतरीला.' उरली चित्रं. ती सांगलीत ट्रकांच्या फळ्या रंगवणाऱ्या आकारामकडे आली.

पहिल्या आठवड्यात त्याने मोर काढला. मग हिशेब कळला : पडद्यावर एक क्षण नाचायचं तर तोच मोर डझनभर वेळा काढायचा, पिसाऱ्यासकट. मोर गेला, त्याच्या जागी कावळा आला. त्याच्या काखेत छत्री दिली. हलगी वाजवायला खेकडा ठरला, कारण नांग्या म्हणजे आयत्याच दोन काठ्या. हौश्याची झूल गेली, गोंडे गेले, कपाळावरची आरशांची पट्टी गेली. "बैल पार उघडा केलासा," विजयमाला म्हणाली. शिंगं मात्र तशीच राहिली. त्यांना हात लावायला आकाराम तयार नव्हता.

शिंगं त्याची हक्काची. रहिमतपुरात लहानाचा मोठा होताना दर बेंदराला, बैलांच्या सणाला, त्याने गावभरच्या बैलांची शिंगं रंगवली होती. छप्पन साली घर बौद्ध झालं, घरातले देव गेले, बेंदूर बंद झाला. शेंदरी रंगाचा डबा तेवढा राहिला. घरच्या दावणीला बैल कधीच नव्हता.

आज फैसला होता. दुपारच्या खेळाला जमलेल्या लोकांना लालासाहेब चित्रांचा गठ्ठा दाखवणार होते. लोक हसले तर हौश्या पडद्यावर जाणार. नाही हसले, तर एका विलायती पुस्तकातला पाटलोण घातलेला बैल जाणार आणि आकाराम पुन्हा ट्रकांच्या फळ्यांकडे. सकाळपासून त्याने भाकरीला हात लावला नव्हता.

अडीच वाजता तंबूच्या दारात लालासाहेबांनी गठ्ठ्याची एक कड घट्ट धरली, दुसरी अंगठ्याने फरफर सोडली. हौश्या कुल्ले हलवत आला, खेकड्याने हलगी ठोकली, शिंगं छत्रीत अडकली, कावळा वर लोंबकळला आणि हौश्या तोंड फाडून हसला.

कोणीच हसलं नाही. सगळे पुढे वाकले होते.

"परत!" मागून कोणीतरी ओरडलं.

परत. आणखी एकदा. तिसऱ्यांदा म्हसवडचा बैलांचा दलाल बाळासो याने लालासाहेबांचा अंगठाच धरला. "थांबवा हितं. ह्या जनावराला वरचं दात कुठनं आलं?"

आकाराम गर्दीतून पुढे आला. बैलाला पुढचे दात खालीच असतात, वर नुसती हिरडी, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण शिंगं रंगवणाऱ्याला बैलाचं तोंड उघडावं लागत नाही. ते उघडतो घेणारा, दातांवरून वय बघायला. हौश्याचं हसू आकारामने घरी, आरशात बघून काढलं होतं.

"खालचं बघा की," बाळासो कागद डोळ्यांजवळ नेत म्हणाला. "दुधाच्या दाताचा आदत न्हाई, दोनदाती न्हाई... आणि वरला म्होरचा एक अर्धा तुटलाय." त्याने मान वर केली. आकाराम उत्तर द्यायला तोंड उघडून उभा होता. बाळासोने कागदाकडे पाहिलं, आकारामकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं.

"आयला! मालकाचंच दात बसिवल्यात!"

मग मात्र तंबू हशाने फुटला. कोणी फेटा तोंडात कोंबला, कोणी खांबाला मिठी मारली. तिकिटं फाडणाऱ्या नाथाजीला उचकी लागली ती लागलीच. "आकाराम, गड्या, हास की!" लोक ओरडू लागले. आकारामने ओठ गच्च मिटले, गाल फुगवले, तीन श्वास दम धरला आणि तोंड फाडून हसला. बरोबर हौश्यासारखा. दुसरी लाट पहिलीहून मोठी आली.

"एवढा एक दिवस द्या," डोळे पुसत तो लालासाहेबांना म्हणाला, "वरचं दात समदं खोडतो."

"खबरदार!" लालासाहेब खुर्चीवर कोसळले होते. "एक दात जरी हलला तरी कोर्ट मार्शल!"

"इकत मी घेणार न्हाई असला बैल," बाळासो म्हणाला. "पर आजून एकदा फिरवा."

त्या दुपारचा खेळ वीस मिनिटं उशिरा सुरू झाला. विलायती पुस्तक लालासाहेबांनी नाथाजीला पंख्यासारखं वारा घ्यायला दिलं. आकाराम घरी पोचला तेव्हा विजयमाला परात मांडीवर घेऊन वाट पाहत होती. तो सरळ अंगणात हातांवर आला आणि चारी पायांनी उडी मारली. ती इतकी हसली की परात गडगडत धोंडुबाईंच्या दारात गेली.

उद्यापासून चित्रं टिपायचं काम. कॅमेरा सकाळी आठला तंबूत लागेल आणि दोनच्या आत काढावा लागेल. तीनला पहिला खेळ असतो.