इदालीनाच्या लेकीचा बाप

फिर्मिनाने आयुष्यात मोठे खोटे एकदाच सांगितले, आणि त्या खोट्यावर घर तगवले.

जुरुआ नदीच्या एका वळणावर रबराचा चीक गोळा करणाऱ्यांची वस्ती होती. जमीन, होड्या, दुकानातले मीठ, सगळे तावारेस मालकाचे. नवरा तापाने गेल्यावर फिर्मिना कसाव्याचे कंद किसून, पिळून, भाजून पीठ करी आणि दोन मुलांना वाढवी. थोरली इदालीना मालकाच्या घरी कपडे धुवायला जाऊ लागली. सान जुआंवच्या सणानंतर तिचे पोट दिसू लागले, तेव्हा बायकांनी विचारण्याआधी फिर्मिनानेच सांगून टाकले, "नाचायला पांढरी टोपी घातलेला एक परका आला होता. टोपी काही काढली नाही मेल्यानं. पहाटे सरळ नदीत उतरला."

एवढे पुरे होते. बोतो, म्हणजे नदीतला गुलाबी डॉल्फिन, माणसाचे रूप घेऊन पोरींना भुलवतो आणि डोक्यावरचे श्वासाचे छिद्र टोपीखाली लपवतो, हे तिथे कोणाला पटवावे लागत नसे. पोरीची अब्रू राहिली, नातीला बाप मिळाला. आणि मुख्य म्हणजे धाकट्या लावरिंदोचा कोयता भिंतीलाच टांगलेला राहिला. त्याचे रक्त लवकर तापे, आणि मालकाच्या ओसरीवर बंदूकवाले बसलेले असत. दुर्बळांच्या वस्तीत अशी कथा हा केवळ भोळेपणा नसतो. तो एक तह असतो, आणि त्याची किंमत कोणीतरी गप्प राहून देत असते. इथे ती इदालीना देत होती.

लावरिंदोने मात्र ती कथा मनापासून खरी मानली होती.

मग वरच्या अंगाच्या ओढ्यांतून, रानांतून भटकत डॉक्टर एवाल्ड वस्तीत उतरला. तो प्राण्यांची कातडी आणि सांगाडे जमवणारा संशोधक, मालकाचा पाहुणा. त्याला बोतो हवा होता. वल्हेकऱ्यांनी कानांवर हात ठेवले; बोतोला मारणाऱ्याचा हात लुळा पडतो. लावरिंदो एकटाच पुढे झाला.

"हा नाद सोड, बाबा," फिर्मिना म्हणाली.

"का सोडू? इदाला कधी हसताना पाहिलंयस का, आई, तेव्हापासून?"

तेव्हाच सारे सांगता आले असते. पण बोतोच्या मागे लागलेला मुलगा निदान दुसऱ्या कोणाच्या मागे लागणार नाही, असा हिशेब तिने मनाशी केला आणि ती पिठाकडे वळली.

दुपारी त्याने भाल्याने मारलेला बोतो होडीमागून ओढत आणला. डॉक्टरने काठावरच सुरी चालवली. वस्ती दूर उभी राहून पाहत होती. पोट उघडताच डॉक्टर म्हणाला, "ही मादी आहे."

म्हातारा वल्हेकरी तेर्तुलियानो खो-खो हसला. "घ्या! मेव्हण्याला मारायला गेला आणि त्याची बायको मारून आला!"

लावरिंदो हसला नाही. "मग नर दुसरा असेल. मी त्यालाही आणतो."

"आणा, मला हवाच आहे," डॉक्टर समजुतीने म्हणाला. त्याने पोहण्याचा एक पर सोलून आतली हाडे दाखवली. "बघा, बोटं आहेत, तुमच्याआमच्यासारखी. पण हे पाय नव्हेत. नर असो की मादी, हा प्राणी जमिनीवर उभासुद्धा राहू शकत नाही. तुम्ही उगाच भिता त्याला."

त्याच्या बोलण्यात तसूभरही खोटे नव्हते. ते ऐकल्यावर कोणाच्या घराचे आढे कोसळेल, हे विचारणे त्याच्या शास्त्रात बसत नव्हते.

तेर्तुलियानोचे हसू ओठांवरच राहिले. बायका एकमेकींकडे न पाहता पांगल्या. लावरिंदोने तो पर हातात घेऊन बोटांची हाडे चाचपली. मग तो घराच्या अंगणात आला. इदालीना आईपाशी कसावा सोलत होती, शेजारी झोळीत तिची लेक.

"आई, मग टोपीवाला कोण होता?"

"एक चीक गोळा करणारा होता. खालच्या अंगाचा. तापाने मेला."

"नाव?"

फिर्मिना पीठ चाळू लागली. तेवढ्यात वळणापलीकडे मालकाच्या आगबोटीची शिट्टी वाजली. डॉक्टरच्या पेट्या न्यायला मालक स्वतः येत होता.

इदालीनाच्या हातातली सुरी थांबली. तिने लेकीला झोळीतून उचलले, घरात नेले आणि दारावर चटई ओढली. आगबोट आली की ती दर वेळी हेच करी. लावरिंदोने ते कितीदा तरी पाहिले होते. आज त्याला ते दिसले.

त्याने भिंतीशी टेकवलेला भाला उचलला. पात्यावरचे रक्त अजून ओलेच होते.

"दे इकडे," फिर्मिना हात पुढे करत म्हणाली, "मी धुते."

"राहू दे, आई," तो हळूच म्हणाला. "परत घाणच होणार आहे."

आणि धक्क्याच्या वाटेने तो खाली उतरू लागला.