कै. मिना आडे संकुलातली पहिली बास्केट

मिना आडे गेली यावर माझा विश्वास बसणं शक्यच नव्हतं. आदल्याच आठवड्यात कनेरगाव नाक्यावरच्या ढाब्यावर तिनं मला पिठलं-भाकरी वाढली होती. तरी पेपरात स्वच्छ छापलं होतं की, विद्यापीठाच्या नव्या बास्केटबॉल संकुलाला ‘कै. मिना देवला आडे’ हे नाव देणार.

कनेरगावकडच्या गोरेगावच्या शाळेत मी पी.टी. शिकवायचो. तेलाच्या पिंपाचा लोखंडी पट्टा कडुलिंबाच्या झाडाला ठोकून रिंग केली, आणि तांड्यावरून चालत येणाऱ्या या ताडमाड पोरीच्या हातात पहिला बॉल दिला तो मीच. सातवीत ती माझ्या डोक्यावरून बॉल टाकायची. मी रागावलो की आणखी उंच टाकायची. पुढं विद्यापीठाची कॅप्टन झाली. विद्यापीठाला या खेळातलं एकुलतं एक सुवर्णपदक तिच्या टीमनं आणून दिलं.

त्याच वर्षी तिनं रविंद्रशी लग्न केलं. हा टीमच्या गाडीचा ड्रायव्हर, दुसऱ्या जातीतला. तिच्या बापानं, देवलानं, लग्नानंतर तेराव्या दिवशी तिचं तेरावं घातलं. जित्या लेकीचं तेरावं! फोटोला हार घालून तो भिंतीवर टांगला आणि तांड्याला जेवण दिलं. मी जेवायला गेलो नाही, एवढाच माझा पराक्रम. त्याला अडवायलाही गेलो नाही, याची लाज मला अजून वाटते.

या तेराव्याला आता बारा वर्षं झाली. तेव्हापासून नवरा-बायको नाक्यावर ढाबा चालवतात. मध्यंतरी विद्यापीठाचा माणूस मिनाचा पत्ता शोधत तांड्यावर गेला, तर त्याला भिंतीवर हार घातलेला फोटो दिसला. त्यानं पुढं काही विचारलं नाही, देवलानं काही सांगितलं नाही. फोटो उतरवून दिला.

मी अर्ज लिहून तडक विद्यापीठात गेलो. तिथल्या साहेबांनी शांतपणे नियम दाखवला. हयात माणसाचं नाव देता येत नाही. मिना जिवंत असल्याचं मी लेखी दिलं तर तिचं नाव रद्द होणार, आणि यादीत पुढचं नाव होतं एका पुढाऱ्याच्या वडिलांचं. त्या गृहस्थांनी आयुष्यात चेंडू म्हणून काही फेकलं असेल तर गोठ्यातला शेणाचा गोळा. माझं डोकं सणकलं. अर्ज खिशात घालून ढाब्यावर गेलो.

मिना मागच्या बाजूला भाकरी थापत होती. सगळं ऐकताना तिनं दोन भाकरी उलटल्या, एक शेकली, पण तोंडावरची रेष हलली नाही. मी म्हणालो, अगं रड, चीड, मला चार शिव्या घाल, पण काहीतरी कर.

“सर, मला काई वाटूनच न्हाई राहिलं,” ती म्हणाली. “तेरावं घातल्याचं कळलं, तवाच आतून बधिर झालं ते झालं.”

मग तिनं विचारलं, बा येणार हाये का. येणार होता, त्याचा सत्कार होता.

“मंग अर्ज नका देऊ. मी लांबून पाहीन त्याला एकदा. नाव राहू द्या. तांड्यावरच्या पोरी खेळाया येतील, त्यांना भिंतीवर आपलं नाव दिसंल.”

तोंड उघडायचं नाही, अशी शपथ तिनं मला घातली.

उद्घाटनाला आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. देवला फार वाळला होता. अंगावर शाल, हातात नारळ, आणि शेजारी तोच फोटो, हार मात्र नवा. फोटोला फुलं वाहायला रांग लागली होती. मिना बापाकडं बघत होती आणि मी मिनाकडं. तिच्या डोळ्यांत काही येईल म्हणून मी वाट बघितली, आलं नाही.

मग निवेदकानं जाहीर केलं की पहिली बास्केट कै. मिनाताईंच्या वडिलांच्या हस्ते होईल. देवलाच्या हातात बॉल दिला. कलिंगड धरावं तसा त्यानं तो पोटाशी धरला. एकदा रिंगकडं बघितलं, एकदा लोकांकडं, आणि त्याची नजर शेवटच्या रांगेवर थांबली. सहा फुटी बाई लपणार तरी कुठं?

तो मंचाच्या पायऱ्या उतरला. नव्या लाकडी फरशीवरून सावकाश चालत आला आणि मिनापुढं उभा राहिला.

“माह्याच्यानं व्हत न्हाई. तू टाक.”

मिना उठली. तिनं चपला काढून ठेवल्या, पदर कमरेला खोचला, पांढऱ्या रेषेवर जाऊन उभी राहिली. बॉल रिंगला न शिवता आत गेला.

टाळ्या कडाडल्या. निवेदक माईक घेऊन धावत आला आणि ताई, तुमचं नाव काय, असं विचारू लागला. माझा हात खिशातल्या अर्जावर गेला. मिनानं बापाकडं बघितलं. देवलानं अंगावरची शाल सारखी केली. शेवटी माईककडं वाकून तो म्हणाला,

“घरची हाये.”

निवेदकानं ‘कुटुंबातील सदस्य’ म्हणून आभार मानले आणि कार्यक्रम पुढं सरकला. मिनानं बॉल उचलून बापाच्या हातात दिला. मग ती फुलांच्या रांगेत जाऊन उभी राहिली, आणि नंबर आल्यावर तिनं स्वतःच्या फोटोला दोन झेंडू वाहिले.