चकलीखालचा शिक्का

जर्मनीत, कार्ल्सरूहेत आमच्या वरच्या मजल्यावर एक चिनी गृहस्थ राहायचे. चित्रकार आणि कवी. लहान मुलांची पुस्तकं करायचे. आपण काहीही बोललो की मान हलवून म्हणणार, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर. आज थंडी आहे? गेनाऊ. आज थंडी नाही? तरी गेनाऊच! त्यांना खरंच पटायचं, की ते नुसतं टाळायचे, हे मला कधी उमजलं नाही.

दिवाळीत त्यांना डबाभर चकल्या दिल्या. डबा रिकामा परत करायचा नसतो, हे त्यांना कुणी सांगितलं देव जाणे. आत एक घडी घातलेला कागद निघाला. कोपऱ्यात चोच उघडलेला पक्षी, बाकी सगळा कोरा. अर्धवट चित्र का दिलं असेल, असा विचार करेपर्यंत माझ्या लेकीनं पक्ष्यासमोर जाड मार्करनं चकली काढली.

तिला घेऊन वर गेले. "माफ करा, हिनं तुमचं चित्र बिघडवलं."

पहिल्यांदाच ते गेनाऊ म्हणाले नाहीत. चित्र पुरं झालं की सहीसारखा मारायचा तो आपल्या नावाचा लाल शिक्का त्यांनी बाहेर काढला आणि पक्ष्याखाली नाही, चकलीखाली उमटवला.

चित्र भिंतीवर आहे. पाहुणे विचारतात, "हे त्यांचं की हिचं?"

मी म्हणते, "गेनाऊ."