पावणेतीन तासांचं पाणी

"थेंब पडायलेत ना?"

प्रयोगशाळेच्या दारातून हा प्रश्न दर दहा मिनिटांनी आत जायचा, आणि विचारणाऱ्या बाई तोवर व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला पोचलेल्या असायच्या. आत माणूस नसायचाच. नळीलाच विचारायच्या त्या.

तुमच्याही ऑफिसात खुर्ची टोचणारं असं कुणीतरी असेल. परभणीला माती-पाणी तपासणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेत या बाई होत्या आणि मी रिपोर्ट टाइप करणारा कारकून. गंमत बघा, एका जागी दोन मिनिटं न बसणाऱ्या बाईंच्या वाट्याला काम आलं ते थेंब थेंब पाणी सोडण्याचं.

पाण्यात उतरलेलं फवारणीचं औषध इतकं कमी असतं की मशीनलाही दिसत नाही. म्हणून बाटलीभर पाणी बोटाएवढ्या नळीतून हळूहळू सोडायचं. नळीत पांढरी भुकटी, तिच्या कणाकणाला बारीक छिद्रं. औषध त्यात अडकतं, पाणी निघून जातं. मग ते अडकलेलं धुऊन मशीनला दाखवायचं. शेतकऱ्यांना बाई सांगायच्या, "कालवणात भाकरी कशी भिजती? तसंच हाय. घाई केली की भाकरी कोरडीच राहती बगा."

घाई मात्र त्यांच्या पायांतच होती. गावी, वालूरला, आई अंथरुणाला खिळलेली. तिला सांभाळणारी शेजारीण संध्याकाळी आपल्या घरी जायची. पाचची बस चुकली की आई एकटी. चारनंतर बाईंच्या चपला व्हरांड्यात थांबायच्या नाहीत. मी चिडवायचो, "मॅडम, असंच चालत वालूर गाठताल."

"गाठलं असतं, पण नळी कोण बघंल?"

एकदा झरीकडच्या खेड्यातून शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी बाटली घेऊन आल्या. शेजारच्या कापसावर फवारणी झाल्यापासून शाळेच्या विहिरीला वास येत होता. रिपोर्ट मिळेपर्यंत त्या लांबच्या हापशावरून घागरी आणत होत्या. आमच्या मशीनला काही सापडलं नाही. मी 'आढळले नाही' असं टाइप केलं, साहेबांची सही झाली आणि मावशी हसत कागद घेऊन गेल्या.

दोन दिवसांनी सकाळी बाई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. नुसत्या उभ्या, येरझारा नाहीत.

"त्या मावशीचं पाणी मी पळवलं," त्या म्हणाल्या. "बस जायलती. नळीतून पाणी ओढणारा पंप वाढवला, अर्ध्या तासात बाटली रिकामी केली."

"सही-शिक्का झालाय मॅडम. कुणाला कळणारे?" मी म्हणालो. आज हे लिहितानाही लाज वाटते.

"लेकरं प्यायलेत ते पाणी, भाऊ."

तशाच निघाल्या. मावशींना विहीर बंद ठेवायला सांगून, स्वतः बाटली भरून दुपारी परत आल्या. नळी लावली आणि मी पहिल्यांदाच त्यांना स्टुलावर बसलेलं पाहिलं, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. पाच वाजले, बस गेली. शेजारणीला मीच फोन लावून थांबायला सांगितलं. पावणेतीन तास बाई हलल्या नाहीत. पायाचा अंगठा तेवढा हलत होता.

या वेळी औषध सापडलं. चांगलंच सापडलं.

नवा रिपोर्ट टपालानं गेला असता, पण बाई स्वतः गेल्या आणि मलाही ओढून नेलं. "चूक माझी हाय," त्यांनी सांगितलं. मावशींनी कागद हातात घेतला नाही.

"तुमच्या कागदावर भरोसा ठेवून मी लेकरांना खिचडी घातली. आता ह्यो तरी खरा कशावरून?"

बाईंनी कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला. परतताना त्या माझ्या दहा पावलं पुढे चालत होत्या.

तेव्हापासून प्रत्येक रिपोर्टखाली बाई पेनानं लिहू लागल्या, 'पाणी सोडायला पावणेतीन तास लागले.' कधी तीन, कधी अडीच, जे असेल ते. साहेब म्हणाले, "असा रकाना नाही." बाई म्हणाल्या, "रकाना न्हाई, पण जागा हाय की."

दोन महिन्यांपूर्वी त्या निवृत्त होऊन वालूरला आईपाशी गेल्या. व्हरांडा शांत झाला. मला ती शांतता मानवत नाही, सरळच सांगतो.

परवा मावशी आल्या. दर फवारणीनंतर येतात. मी त्यांना रिपोर्ट दिला, 'आढळले नाही'. त्यांनी कागद खालीवर केला आणि तळाच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"पाण्याला किती वेळ लागला, ते कुठंय?"

आत जाऊन विचारलं तर बाईंच्या जागी आलेल्या नव्या मॅडमना आठवेना. सही-शिक्का झालेला होता. मी मावशींच्या हातून कागद घेतला आणि फाडला. नव्या मॅडमना राखून ठेवलेली दुसरी बाटली काढायला लावली.

"बसा मावशी. उशीर लागंल."

नळी लागली. मॅडम जेवायला गेल्या. मला काही बसवेना. व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. मग दारातून आत डोकावलो.

"थेंब पडायलेत ना?"

मावशी नळीसमोर स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली नाही.

"पडायलेत. तुमी हिंडा."