एकशे सतरा नंबरचा बिल्ला

रविवारी सातच्या एस.टी.साठी वासुदेवराव मोहाडीच्या स्टँडवर आले, की चहावाल्याला चेव येई.

"निघाले का बाबूसाहेब भोकात? आज तरी सोन्याचा हंडा आणजा बरं!"

"सापडला तर तुलेच देईन. निदान किटली तरी बदलशील," असं म्हणून वासुदेवराव खिडकीजवळची जागा धरत.

आठवडाभर ते तहसील कचेरीत कागदपत्रांच्या नकला उतरवत. दुसऱ्यांच्या शेताच्या, दुसऱ्यांच्या भांडणाच्या. रविवार मात्र त्यांचा स्वतःचा होता. तुमसरच्या पुढे, डोंगराच्या कुशीत, मँगनीजची एक जुनी खदान होती. एकसष्ट साली ती बंद पडली आणि माणसं पांगली. आत राहिली ती वटवाघळं, साचलेलं पाणी आणि कुजत चाललेले लाकडी टेकू. वासुदेवराव कार्बाइडचा दिवा पेटवत, कमरेला दोर बांधत आणि त्या बोगद्यांतून पावलं मोजत फिरत. दर पन्नास पावलांना थांबून ते चौकटीच्या कागदावर रेघ ओढत. असा नकाशा कोणी मागितला नव्हता आणि कोणाला दाखवायचाही नव्हता.

खदानीची ही ओढ वडिलांकडून आलेली. पुंडलिकराव तिथे हजेरीबाबू होते. खदानीच्या तोंडाशी एक फळी असे, फळीवर खिळे. खाली उतरणाऱ्याने आपल्या नंबरचा पितळी बिल्ला खिळ्याला लावायचा, वर आला की स्वतःच्या हाताने काढायचा. दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही. बिल्ला खिळ्यावर आहे तोवर माणूस आत आहे, आणि माणूस आत आहे तोवर हजेरीबाबूने जागा सोडायची नाही. पुंडलिकरावांचं जेवण कित्येकदा या पायी थंड होई. खदान बंद झाली तेव्हा बिल्ले भंगारात गेले. एकशे सतरा नंबरचा तेवढा त्यांच्या कोटाच्या खिशात राहून गेला.

वासुदेवरावांनी तोच नियम घरात चालवला. निघताना बिल्ला स्वयंपाकघराच्या चौकटीला लावायचा, परतल्यावर काढायचा. बिल्ला चौकटीवरून निघेपर्यंत त्यांच्या पत्नी ललिताबाई जेवत नसत.

"कोन हाये तुमचं त्या अंधारात?" त्या विचारत.

"कोनी नाही. म्हनूनच बरं वाटते."

"मंग माह्या जिवाले घोर कायले?" असं म्हणत म्हणत त्या पाट मांडत.

शहात्तर साली ललिताबाई गेल्या. मूलबाळ नव्हतं. त्यानंतरच्या एका रविवारी वासुदेवराव संध्याकाळी घरी आले, कुलूप उघडलं, आणि चौकटीवरचा बिल्ला काढताना त्यांचा हात तसाच राहिला. चूल थंड होती. आज आपण आतच राहिलो असतो, तर हा बिल्ला इथे किती दिवस लटकला असता? सोमवारी कचेरीत कोणी म्हणालं असतं, ताप आला असेल. मंगळवारीही तेच. बुधवारी कदाचित शिपाई येऊन दार वाजवून गेला असता.

पुढच्या रविवारपासून ते बिल्ला सोबत नेऊ लागले. खदानीच्या तोंडाशी मोहाचं मोठं झाड होतं, त्यात त्यांनी खिळा ठोकला. तिथेही बघणारं कोणी नव्हतं. पण बंद घरापेक्षा झाड बरं.

त्या उतारावर धुरपता नावाची म्हातारी शेळ्या चारी. कधीकाळी ती याच खदानीवर दगड निवडायला होती. सात वर्षांत दोघांचं बोलणं एवढंच: "आले का बाबू?" "आलो." आणि परतताना, "निघाले का?" "निघालो." तिने नाव विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

या डोंगराला मागच्या बाजूने, तळ्याकडे, हवेची एक वाट आहे असं पुंडलिकराव सांगत. वासुदेवराव सात वर्षं तीच शोधत होते. २० मार्च १९८३, रविवार. खालच्या बोगद्याच्या टोकाला, जिथे नकाशा संपत होता, तिथे दिव्याची ज्योत अचानक एका बाजूला कलली. वारा! पोटावर सरपटत, कोपरं सोलून घेत ते पुढे गेले आणि काटेरी झुडपांतून एकदम उन्हात बाहेर पडले. खाली तळं चमकत होतं. त्यांना ओरडावंसं वाटलं. पण ऐकायला फक्त बगळे होते.

तेवढ्यात खालच्या सडकेवर धुरळा दिसला. तुमसरची गाडी. ती चुकली तर डोंगराला वळसा. वासुदेवराव धावत सुटले.

सोमवारी कचेरीत रुमाल काढताना त्यांनी खिसा चाचपला. बिल्ला नव्हता. तो अजून मोहाच्या झाडावर होता. हजेरीबाबूच्या मुलाला वर आल्यावर बिल्ला काढायचा विसर पडला! क्षणभर त्यांचे कान तापले. मग ते स्वतःशीच हसले. राहीना का. कोण बघतो?

पुढच्या रविवारी ते पोचले तेव्हा झाडाखाली मोहफुलांचा सडा पडून सडत होता. एरवी ती फुलं वेचून नेणाऱ्या धुरपताने या खेपेला एक फूल वेचलं नव्हतं. बिल्ला खिळ्यावरच होता आणि त्याच्याखाली दगडावर हळदकुंकू आणि तांदूळ वाहिलेले होते.

तिच्या शेळ्या आज जागेश्वर नावाचा गुराखी राखत होता. वासुदेवरावांना पाहून तो चार पावलं मागे सरला.

"बाबू, तुमी खरे हाये का?"

"खरा नाही तं काय! काहून?"

"अजी, तुमचा बिल्ला निघाला नाही. धुरपताबुढी रविवारी अंधार पडेपर्यंत भोकाच्या तोंडाशी हाका मारत बसली. सोमवारी सकाळी चूड पेटवून एकटीच आत शिरली. वल्या लाकडावरून घसरली, पाय मोडला. आमी ओढून काढली तिले. तुमच्या घरी सांगाव म्हनलं, तं नावच कोनाले माहीत नाही! नुसता एकशे सतरा."

धुरपताच्या झोपडीच्या दारात वासुदेवरावांना वाकावं लागलं. ती खाटेवर पडून होती, पायाला बांबूच्या कांबी बांधलेल्या.

"मावशी," ते म्हणाले.

तिने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. आजवर ती 'आले का' असं मानाने बोले. आज म्हणाली, "कोठून निघाला तू?"

"तळ्याच्या आंगानं."

"आन बिल्ला?"

"इसरलो."

"नाव काय तुयं?"

"वासुदेव. पुंडलिकराव हजेरीबाबूचा."

धुरपता कोपरावर उठून बसली. "हजेरीबाबूचा पोरगा, आन बिल्ला इसरला? माह्या मालकाचा एक बिल्ला निघाला नवता म्हनून तुया बाप लग्नाच्या मांडवातलं जेवन सोडून बसला होता! सात वर्सं झाली, तो खिळा रिकामा झाल्याबिगर मी शेऱ्या घरी नेल्या नाही. तुले वाटलं, कोनी पायतच नाही?"

वासुदेवरावांना तेच तर वाटलं होतं. दर रविवारी त्या उतारावर एक माणूस त्यांच्यासाठी ताटकळत होतं, आणि ते निव्वळ "निघालो" म्हणून गाडी गाठत होते.

"हळदकुंकू कोनं वाहिलं?" त्यांनी विचारलं.

"गावानं. मी नाही. मी म्हनलं, बिल्ल्याले हात लावू नोका. ज्याचा त्यानं काढायचा."

वासुदेवराव परत डोंगर चढून गेले, बिल्ला स्वतःच्या हाताने काढला आणि खाली आणून तिला दाखवला. तेव्हा कुठे ती पुन्हा आडवी झाली.

तिचा पाय वाकडाच जुळला. डोंगर तिला बंद झाला. मग वासुदेवराव आधी झोपडीत जात, बिल्ला तिच्या तळहातावर ठेवत आणि परतताना मागून घेत. त्यांचं बोलणं त्यापुढे फारसं वाढलं नाही. ती आता "आला का वासुदेव?" म्हणे, एवढंच. पण आतल्या अंधारात पावलं मोजताना त्यांचा आकडा चुकेनासा झाला.

शहाऐंशीच्या पावसाळ्यात धुरपता गेली. पावसात खदानीत पाणी भरे, म्हणून वासुदेवराव त्या दिवसांत येत नसत. त्यांना ते दिवाळीनंतर कळलं. झोपडीचं दार काटेरी फांद्या लावून बंद केलेलं होतं.

ते वर मोहाच्या झाडापाशी गेले. बिल्ला जुन्या खिळ्याला लावला, दिवा पेटवला. वरच्या बोगद्याचा एक फाटा मोजायचा राहिला होता, दोनच रविवारांचं काम. तोंडापाशी पोचल्यावर त्यांनी वळून पाहिलं. उतारावर शेळ्या नव्हत्या, माणूस नव्हतं.

खाली माणूस आहे तोवर वर कोणीतरी हवं, हा पुंडलिकरावांचा नियम. वासुदेवराव मागे आले. त्यांनी दिवा विझवला, बिल्ला काढून खिशात घातला आणि चारच्या गाडीची वेळ होईपर्यंत झाडाखाली बसून राहिले.