हसनचं नाव खोडणारे दोन, लिहिणारा कोणी नाही

२०२५ साल. हसन सत्तर वर्षांचा होता. पहाटेची फजरची नमाज आटपली नि सौदीतल्याच हुफूफहून त्याच्या मुलाचा फोन आला, "चाचा, अब्बा गेले." मी दम्मामहून टॅक्सी केली, दुपारच्या असरच्या नमाजनंतर माती दिली. रडू आलं नाही, राग आला... महिना झाला, तो उतरलेला नाही.

आम्ही दोघे रत्नागिरीकडचे, एकाच गावचे. हसन चाळीस वर्षं हुफूफच्या बाजारात कपडे शिवत होता. आमचे लोक सुट्टी घेतात ती लग्नाला नाहीतर आंब्याला. हा घ्यायचा मतदानाला! आम्ही चिडवायचो, "हसनशेठ, सरपंच काय बिर्याणी घालणार तुला?" तो म्हणायचा, "इथे मी कफीलाच्या, मला ठेवून घेणाऱ्या मालकाच्या कागदावर आहे. स्वतःच्या हक्कानं माझं नाव एकाच ठिकाणी आहे, गावच्या मतदार यादीत."

दोन वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीच्या मतदानाला मीही त्याच्याबरोबर गेलो. शाळेत रांग लावली, आणि यादीत त्याचं नावच नाही. कायमचा गाव सोडून गेला म्हणून खोडलेलं! तसेच तालुक्याच्या कचेरीत गेलो. एक साहेब म्हणाला, "चाचा, निवडणूक राज्याच्या आयोगाची, यादी केंद्राच्या आयोगाची. आम्हाला त्यात एक नाव घालता येत नाही." पलीकडच्या टेबलावरचा म्हणाला, "यादी आमची, पण आजचं मतदान आमचं नाही."

हसन म्हणाला, "खोडताना कोणी विचारलं नाही कुणाचं काम ते. लिहायचं म्हटलं की दोन सरकारं झाली?"

मी टेबलावर हात आपटला, तर हसननेच मला ओढून बाहेर काढलं. शिकलेल्यांनी मला सांगावं, घर एकाचं, दार दुसऱ्याचं, मग माणसानं उन्हातच उभं राहायचं काय?

पुढची दोन वर्षं तो अर्ज करीत राहिला. पासपोर्टच्या प्रती, पुन्हा अर्ज, पुन्हा प्रती...

माती देऊन बसलो होतो, तर संध्याकाळी गावाहून माझ्या पुतण्याचा फोन. "चाचा, नवी यादी लागली. हसनचाचांचं नाव आलंय." मी सांगितलं, "आजच माती दिली त्याला." तर तो म्हणाला, "राहू दे ना नाव आता. निवडणुकीत एक मत कामाला येईल."

म्हणजे जिवंत हसनला मत नाही, आणि मेलेल्या हसनच्या नावावर कोणीही बोटाला शाई लावून घ्यायची!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या मुलाकडून मृत्यूचा दाखला घेतला, फोटो काढून पुतण्याला धाडला आणि फोनवर दरडावलं, "नाव काढायचा अर्ज आजच दे. दोन्ही साहेबांकडे दे. नि दोघांचा शिक्का घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नकोस."