स्टँडला बांधलेले तांदूळ

भर उन्हात उभं राहून सूर्याचा उजेड कमी पडतोय असं शांतपणे सांगणारा माणूस या मुंबईत एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. राहणार लालबाग, धंदा फोटोग्राफीचा. पूर्वी ते लग्न, मुंज, साखरपुडा, मिळेल ते काम घेत. आता काही वर्षं फक्त गरोदर बायकांचे फोटो काढतात, आणि तेही स्टुडिओत नाही, उघड्यावर. वरळी कोळीवाड्यामागचा किनारा, माझगावची एखादी जुनी गल्ली, दादरला झाडाखालची मोकळी जागा, असं कुठेही. आणि जिथे जातील तिथे फ्लॅश लावतात. मी ऑफिसात बिलं तपासतो, त्यामुळे कुठलीही वस्तू का लागते हे विचारायची मला सवय आहे. आभाळभर उजेड पडलेला असताना तुम्ही फ्लॅश कशाला मारता, असं मी एकदा विचारलं. त्यांनी मला मावळत्या सूर्याकडे पाठ करून उभं केलं, फ्लॅशशिवाय एक फोटो काढला आणि दाखवला. मागचं आभाळ केशरी, समुद्र सोनेरी आणि माझ्या तोंडाच्या जागी काळा ठिपका. "आभाळ सगळ्यांचंच असतं भाऊ," ते म्हणाले, "तोंड तिचं एकटीचं असतं. ते नको दिसायला?"

साडू मूळचे मालवणकडचे. फ्लॅश स्टँडवर चढला, त्याच्यापुढे पांढरी छत्री उघडली, की ते चपला काढतात आणि हात जोडून गाऱ्हाणं घालतात. "बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकीचो फोटो काढतंव. हिका आणि पोटातल्याक सुखरूप ठेव रे म्हाराजा." बरोबरच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. म्हटलं नाही तर ते सुरूच करत नाहीत. एकदा कोळीवाड्यात गिऱ्हाईक गुजराती होतं, त्यांना काही कळेना. शेवटी सुके बोंबील उलटवत बसलेल्या दोन बायांनी तिथूनच व्हय म्हाराजा म्हणून टाकलं आणि काम पुढे सरकलं. त्यातल्या एकीने वर सुनावलं, "ओ फोटोवाले, उद्या आमच्या बोंबलांना पण घाला गाऱ्हाणं, लवकर सुकतील."

या धंद्यात विरोध फार. दृष्ट लागते, सातव्या महिन्यानंतर उंबरा ओलांडू नये, लखलखाटाने पोटातलं पोर दचकतं, असं सांगणारं कोणी ना कोणी बरोबर येतंच. साडू कधी वाद घालत नाहीत. जो सर्वांत जास्त विरोध करेल त्याच्या हातात ते छत्रीचा दांडा देतात. "आजी, तुम्हीच धरा. किती उजेड सोसवेल ते तुम्हालाच कळणार." पाचेक मिनिटांत आजी सुनेला ओरडू लागते, "अगं मान वर कर, अंधार येतोय तुझ्यावर." मी हे इतक्यांदा पाहिलं आहे की ही युक्ती फसेल असं मला वाटेनासंच झालं होतं.

पण एक गोष्ट मला कायम खटकायची. वाऱ्याने छत्रीसकट स्टँड आडवा होऊ नये म्हणून त्याच्या पायाशी वजन बांधावं लागतं. सगळे फोटोग्राफर वाळूची पिशवी बांधतात. साडू पाच किलो तांदळाची बांधतात. वाळू तेवढ्याच पिशवीत वजनाला जास्त भरते, तिला किडे होत नाहीत, भिजली तरी बिघडत नाही. हे सगळं मी त्यांना दर वेळी सांगायचो. ते दर वेळी एकच विचारायचे, "आणि नंतर वाळूचं काय करायचं?"

नंतर म्हणजे फोटो काढून झाल्यावर. माझी मेहुणी त्यांच्याबरोबर प्रत्येक कामाला जाते. बायकांच्या निऱ्या नीट करते, वेणीतली फुलं सरळ करते, पाण्याची बाटली सांभाळते. काम आटोपलं की पिशवी सोडून ती ओंजळभर तांदूळ घेते आणि त्या बाईची ओटी भरते. नारळ, खण सगळं तिने घरूनच आणलेलं असतं. साडूंचा शेवटचा फोटो हाच असतो. छत्री होणाऱ्या आईकडे वळलेली, त्यामुळे आईचं तोंड उजळलेलं, तांदूळ चमकत असलेले आणि मेहुणीचे फक्त हात उजेडात. तिचा चेहरा बाजूच्या अंधारात. मुंबईतल्या कितीतरी घरांच्या भिंतींवर माझ्या मेहुणीचे हात लावलेले आहेत. चेहरा एकाही ठिकाणी नाही.

माझी मुलगी गरोदर राहिली तेव्हा काकांकडूनच फोटो काढायचा हे तिने आधीच जाहीर केलं. फोटोच्या आठवडाभर आधी गिरगावात तिच्या सासरी डोहाळजेवण झालं. विहीणबाई रीतभात पाळणाऱ्या. त्यांनी ओटी भरायला पाच लेकुरवाळ्या बायका बोलावल्या होत्या. माझ्या मेहुणीला मूल नाही. कोणी तिला काही बोललं नाही, बोलायची गरजही पडली नाही. ओटी भरायची वेळ झाली तेव्हा ती आपणहून स्वयंपाकघरात गेली आणि पंगतीची पानं पुसत बसली. माझ्या मुलीने दोनदा मागे वळून पाहिलं. "मावशी कुठाय?" तिने विचारलं. "येईल गं, कामात आहे," विहीणबाई म्हणाल्या, आणि कार्यक्रम पुढे चालू झाला.

फोटोच्या आदल्या दिवशी साडूंचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "भाऊ, विहीणबाई येणारायत ना उद्या?" मी हो म्हटलं. त्यांनी विचारलं, "मग उद्या वाळूच आणू का?"

इतकी वर्षं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला त्या क्षणी मिळालं. परक्या गिऱ्हाइकाला ओटी भरणाऱ्या बाईला मुलं किती हे विचारायचं सुचत नाही. उद्या मात्र ते आधीच माहीत असलेल्या विहीणबाई समोर उभ्या राहणार होत्या, आणि त्यांनी माझ्या मेहुणीचा हात अडवला असता तर त्या दोघांनी पुन्हा कधी ती पिशवी उचलली नसती. "तांदूळच आणा," मी म्हटलं.

कोळीवाड्याच्या किनाऱ्यावर दुसऱ्या दिवशी वारा होता. विहीणबाईंनी आल्या आल्या लखलखाटाचा मुद्दा काढला, आणि ठरल्याप्रमाणे छत्रीचा दांडा त्यांच्या हातात गेला. गाऱ्हाण्याला त्यांनी व्हय म्हाराजा म्हटलं, पण तोंडातल्या तोंडात. फोटो छान निघत होते. मुलगी हिरव्या साडीत पोटावर हात ठेवून उभी होती, मागे सूर्य पाण्याला टेकत आला होता. "विहीणबाई, थोडी खाली घ्या छत्री," साडू म्हणत होते, आणि त्या घेत होत्या.

मग साडू म्हणाले, "झालं. आता शेवटचा." दर वेळी लगेच पुढे होणारी मेहुणी त्या दिवशी हलली नाही. पाण्याची बाटली घट्ट धरून उभीच राहिली. साडूंनी स्वतः वाकून पिशवी सोडली. पिशवी सुटल्यावर स्टँड हलका झाला, तो आता सर्वस्वी विहीणबाईंच्या हातात होता. "आता मात्र सोडू नका हां," साडू त्यांना म्हणाले.

"मावशी, ये ना," माझी मुलगी म्हणाली आणि तिने पदर पसरला.

मेहुणीने विहीणबाईंकडे पाहिलं. विहीणबाईंनी पिशवीकडे पाहिलं, माझ्या मुलीच्या पदराकडे पाहिलं. मी ऑफिसात अनेक सह्या अडकलेल्या पाहिल्या आहेत, इतकी लांबलेली एकही आठवत नाही.

"अहो, भरा लवकर," विहीणबाई म्हणाल्या. "माझा हात भरून आलाय. आणि नारळाची शेंडी तिच्याकडे करा."

मेहुणीने ओंजळ भरली. थोडे तांदूळ खडकावर सांडले. फ्लॅश उडाला. साडूंनी एकदाच बटण दाबलं आणि मग कॅमेरा पुसायच्या निमित्ताने बराच वेळ पाठ करून उभे राहिले.

नात झाली. बारशाला साडूंनी तो फोटो मोठा करून आणला. माझी मुलगी बघून म्हणाली, "काका, यात मी अंधारात गेलेय की."

खरंच होतं. उजेड तिच्यावर नव्हताच. तो पूर्णपणे मेहुणीच्या तोंडावर पडला होता. ओंजळ पुढे केलेली, ओठ दाबून धरलेले, डोळे भरलेले.

"तुझे बाकीचे सगळे आहेत ना," साडू म्हणाले. "आणि छत्री मी नाही वळवली."

सगळे विहीणबाईंकडे बघू लागले. त्या पाळण्याची दोरी ओढत होत्या. "वारा होता," मान वर न करता त्या म्हणाल्या. "फिरली असेल."

मी चष्मा लावून फोटो पुन्हा तपासला. त्या क्षणापुरता वारा पडला होता; मेहुणीचा पदर सरळ खाली होता, मुलीच्या कपाळावरची बटसुद्धा हललेली नव्हती. मी फोटो भिंतीवर टेकवून ठेवला आणि व्हय, वारा होता, म्हणालो.